शोथ आणि स्टेरॉइड औषधे

बोटात काटा रुतल्यावर पुढच्या काही तासांत काय घडते हे सर्वांच्या परिचयाचे आहे. काट्याभोवतीची त्वचा लाल होते, थोड्या वेळाने ती फुगते, हाताला ऊन लागते आणि ठणकू लागते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस या रोमन ग्रंथकाराने लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही चार लक्षणे एकत्र नोंदवली आणि वैद्यकाचे विद्यार्थी ती आजही त्याच क्रमाने पाठ करतात. पुढे त्यांत पाचव्या लक्षणाची भर पडली. ते म्हणजे त्या भागाचे काम बंद पडणे. ठणकणाऱ्या बोटाने कोणी सुईत दोरा ओवू शकत नाही.

या सर्व घडामोडीला मिळून वैद्यकात शोथ असे म्हणतात. व्यवहारात आपण ‘सूज’ हा शब्द वापरतो. परंतु सूज हे शोथाचे केवळ एक लक्षण होय आणि प्रत्येक सूज म्हणजे शोथ नव्हे. हृदय दुर्बळ झालेल्या माणसाच्या पावलांवर सूज येते आणि ती बोटाने दाबली तर खळगा पडतो. तेथे पाणी साठलेले असते, शोथ नसतो. याउलट दमेकऱ्याच्या श्वासनलिकांना वर्षानुवर्षे शोथ असतो, पण तो डोळ्यांना दिसत नाही. रोगांच्या इंग्रजी नावांपैकी ज्यांच्या शेवटी ‘आयटिस’ येते, त्या बहुतेकांचा अर्थ ‘अमुक अवयवाचा शोथ’ एवढाच असतो.

आपल्याकडील प्राचीन शल्यविदांनीही हा विषय बारकाईने पाहिला होता. सुश्रुतसंहितेत व्रणशोथाच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा तीन अवस्था सांगितल्या आहेत. कच्च्या गळवाला शस्त्र लावणारा आणि पिकलेल्या गळवाकडे दुर्लक्ष करणारा, असे दोन्ही वैद्य तेथे सारखेच दोषी ठरवले आहेत. एकच उपाय एका वेळी तारक आणि दुसऱ्या वेळी मारक ठरतो, हा मुद्दा पुढे स्टेरॉइड औषधांच्या संदर्भात आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

रणांगणावरील जखमांचा दीर्घ अनुभव असलेला ब्रिटिश शल्यविद जॉन हंटर याचा शोथावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७९४ साली प्रसिद्ध झाला. शोथ हा स्वतंत्र रोग नसून इजा झालेल्या शरीराने स्वतःच्या हितासाठी केलेली क्रिया आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. तोवर शोथाकडे शत्रू म्हणूनच पाहिले जात असे. हंटरचे म्हणणे बरोबर होते, पण ते पूर्ण सत्य नव्हते.

शोथात नेमके काय घडते

इ. स. १८६७ मध्ये यूलिउस कोनहाइम या जर्मन शास्त्रज्ञाने जिवंत बेडकाच्या पारदर्शक पडद्यातील सूक्ष्म रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. त्या भागाला इजा होताच वाहिन्या रुंदावल्या आणि रक्ताचा वेग मंदावला. एरवी प्रवाहाच्या मध्यातून वाहणाऱ्या पांढऱ्या पेशी कडेला येऊन भिंतीला चिकटू लागल्या, आणि मग त्यांतील एकेक पेशी स्वतःला आवळत, भिंतीच्या फटीतून बाहेर सरकली. पू कशाचा बनतो, हा जुना प्रश्न त्यामुळे सुटला. पू म्हणजे मुख्यतः रक्तातूनच बाहेर आलेल्या या पेशी. पंधरा वर्षांनंतर, १८८२ साली, सिसिली बेटावरील मेसिना येथे एली मेचनिकॉफ या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने ताराशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा खुपसला. दुसऱ्या दिवशी त्या काट्याभोवती भटक्या पेशींचा गराडा पडलेला त्याला दिसला. या पेशी जंतूंना गिळतात, हे त्याने पुढे दाखवून दिले आणि त्याबद्दल १९०८ साली त्याला पाउल एर्लिख यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

आज या घटनेचा तपशील आपल्याला बराच ठाऊक आहे. त्वचेत आणि श्लेष्मल पडद्यांत विखुरलेल्या मास्ट पेशी इजा होताच हिस्टामिन हे द्रव्य सोडतात. त्याने सूक्ष्म रोहिण्या रुंदावतात आणि त्या भागात अधिक रक्त येते. लाली आणि उष्णता त्यामुळेच उद्भवते. केशवाहिन्यांच्या भिंतींतील सांधे सैल होऊन रक्तद्रव बाहेर झिरपतो आणि सूज येते. प्रोस्टाग्लँडिन व ब्रॅडिकायनिन ही द्रव्ये वेदनावाहक तंतूंना उद्दीपित करतात, म्हणून ठणका लागतो. काही तासांत पहिल्या फळीच्या पांढऱ्या पेशी येतात. एक-दोन दिवसांनी त्यांची जागा मोठ्या भक्षक पेशी घेतात, मृत पेशी व मोडतोड गिळून टाकतात आणि डागडुजीला आरंभ होतो. भक्षक पेशी केवळ सफाई करीत नाहीत. त्या साइटोकाइन नावाची संदेशवाहक प्रथिने रक्तात सोडतात. त्यांच्यामुळे मेंदूतील तापनियंत्रक केंद्र चाळवले जाऊन ताप येतो, भूक मंदावते आणि अंग मोडून येते.

ही यंत्रणा नसती तर काट्याच्या जखमेनेही माणूस दगावला असता. तथापि तिला डोळे नसतात. बोटात सूज आली तर फार बिघडत नाही, कारण तेथे फुगण्यास जागा असते. पण तीच सूज कवटीच्या आत, स्वरयंत्रात किंवा मज्जातंतूच्या घट्ट आवरणात आली तर जंतूंपेक्षा तीच अधिक घात करते. कधी परागकणांसारख्या निरुपद्रवी कणाला शत्रू समजून श्वासनलिका पेटून उठतात. कधी स्वतःच्याच सांध्यांचे अस्तर परके ठरते, आणि मग वर्षानुवर्षे चाललेल्या शोथाने कूर्चा व हाडे झिजून बोटे वाकडी होतात. हा संधिवाताभ संधिशोथ होय. अशा वेळी वैद्यापुढे संरक्षणाची ही यंत्रणाच आवरण्याचा प्रश्न उभा राहतो.

‘संयुग ई’ची कथा

मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीप्रमाणे बसलेल्या दोन छोट्या ग्रंथींना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. प्रत्येकीचे वजन जेमतेम ४ ते ५ ग्रॅम असते. या ग्रंथी नष्ट झाल्यास माणूस अशक्त होत जातो, त्याची त्वचा काळवंडते, रक्तदाब घसरतो आणि अखेर तो मरण पावतो, हे टॉमस ॲडिसन या इंग्रज वैद्याने १८५५ साली दाखवून दिले. ग्रंथीचा गाभा ॲड्रेनलिन तयार करतो. परंतु जीव टिकवणारे द्रव्य तिच्या बाहेरच्या सालीत असते, हे नंतर स्पष्ट झाले. या सालीला लॅटिनमध्ये कॉर्टेक्स म्हणतात. ‘कॉर्टिकोस्टेरॉइड’ या नावाचा पूर्वार्ध त्यावरूनच आला आहे. (शरीर पिळदार करण्यासाठी काही खेळाडू घेतात ती स्टेरॉइडे निराळी. ती पुरुष-संप्रेरकाच्या जातीची असतात. रसायनाचा सांगाडा एक असला तरी दोहोंचे कार्य भिन्न आहे, आणि दोहोंची गल्लत करून रुग्ण विनाकारण घाबरतात.)

इ. स. १९२९ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच या वैद्याच्या पाहण्यात एक विलक्षण गोष्ट आली. सांध्यांच्या दुखण्याने जर्जर झालेल्या एका रुग्णाला कावीळ झाली आणि पाहता पाहता त्याचे सांधे मोकळे झाले. पुढील वर्षांत हेंचने अशी आणखी उदाहरणे गोळा केली. गरोदरपणातही संधिवाताच्या स्त्रियांना आराम पडतो, हेही त्याच्या ध्यानात आले. तेव्हा हा आजार परत फिरवता येण्याजोगा आहे आणि शरीरच काही प्रसंगी त्यावरचे औषध तयार करते, असे अनुमान त्याने काढले. कावीळ आणि गर्भारपण या दोन अगदी भिन्न अवस्थांना जोडणारा धागा त्याने वीस वर्षे सोडला नाही. वैद्यकात चिकाटीने केलेले निरीक्षण किती मोलाचे असते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

त्याच संस्थेत एडवर्ड केंडल हे रसायनशास्त्रज्ञ अधिवृक्क ग्रंथीच्या सालीतून एकेक द्रव्य वेगळे करीत होते. त्यांना त्यांनी इंग्रजी मुळाक्षरांची नावे दिली होती. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे टाडेउश राइशस्टाइन हेही स्वतंत्रपणे याच कामात गुंतले होते. त्यांतील ‘संयुग ई’ संधिवातावर वापरून पाहावे, असे हेंच व केंडल यांनी १९४१ मध्येच ठरवले. पण प्रयोगास पुरेल इतके ते मिळत नव्हते. गुरांच्या ढीगभर ग्रंथींमधून चिमूटभर द्रव्य निघे. अखेर मर्क कंपनीतील लुइस सॅरेट यांनी गुरांच्या पित्तातील आम्लापासून, तिसाहून अधिक पायऱ्यांच्या रासायनिक प्रक्रियेने, हे संयुग तयार केले.

२१ सप्टेंबर १९४८ रोजी २९ वर्षांच्या एका स्त्रीला त्याचे पहिले इंजेक्शन देण्यात आले. संधिवाताने तिला हालचाल करणेही अशक्य झाले होते. दररोज १०० मिलिग्रॅम औषध दिले जाऊ लागले आणि काही दिवसांतच ती चालू लागली. १९४९ साली हेंचने आपले निष्कर्ष चित्रफितीसह वैद्यांसमोर मांडले, आणि १९५० साली हेंच, केंडल व राइशस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या संयुगाला आता ‘कॉर्टिसोन’ असे नाव मिळाले होते.

परंतु आनंद फार काळ टिकला नाही. औषध थांबवले की दुखणे पूर्ववत येई, आणि चालू ठेवले तर चेहरा गोल होई, वजन वाढे, झोप उडे, मन कधी उल्हसित तर कधी सैरभैर होई. असे का झाले, हे साध्या हिशेबाने कळते. निरोगी माणसाच्या अधिवृक्क ग्रंथी दिवसाला सुमारे १० ते २० मिलिग्रॅम कॉर्टिसॉल तयार करतात. १०० मिलिग्रॅम कॉर्टिसोन हे सुमारे ८० मिलिग्रॅम कॉर्टिसॉलच्या तोडीचे असते. म्हणजे शरीराला नैसर्गिक गरजेच्या चार ते आठ पट मात्रा रोज मिळत होती. संप्रेरकाची उणीव भरून काढणे वेगळे आणि त्याचा औषध म्हणून वापर करणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात आपण निसर्गाची मर्यादा जाणूनबुजून ओलांडत असतो.

हे औषध स्वस्त कसे झाले, ही कथाही थोडक्यात सांगण्याजोगी आहे. आरंभी त्याची किंमत एका ग्रॅमला २०० डॉलर इतकी होती. मेक्सिकोतील रानकंदांमध्ये असलेल्या डायोस्जेनिन या द्रव्यापासून स्टेरॉइडे बनवण्याचा मार्ग रसेल मार्कर यांनी १९४० नंतरच्या दशकात खुला केला. १९५२ साली अपजॉन कंपनीतील पीटरसन व मरे यांनी रायझोपस वंशाच्या बुरशीकडून त्यातील सर्वांत अवघड पायरी एका दमात करवून घेतली, आणि किंमत झपाट्याने घसरली. हे रानकंद आपल्या कोनफळाचे सोयरे आहेत. काश्मीर व हिमाचल प्रदेशातील डोंगरांत त्यांचा एक भाऊबंद उगवतो. त्याला तिकडे सिंगली-मिंगली म्हणतात. भारतीय औषध उद्योगासाठी तो इतका खणून काढला गेला की, १९७५ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. सह्याद्रीत पावसाळ्यात पांढरी फुले मिरवणारा पेवा याच्या कंदातही डायोस्जेनिन असते.

१९५५ मध्ये प्रेडनिसोन व प्रेडनिसोलोन आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत डेक्सामेथासोन ही अधिक प्रभावी रूपे आली. प्रेडनिसोलोनच्या ५ मिलिग्रॅमच्या एका गोळीचे काम २० मिलिग्रॅम कॉर्टिसॉलएवढे असते. डेक्सामेथासोनचे केवळ पाऊण मिलिग्रॅम त्यास पुरते. म्हणून गोळीचा आकार पाहून औषध सौम्य की तीव्र हे ठरवू नये.

पेशीच्या आत

कॉर्टिसॉल आणि त्याची कृत्रिम भावंडे मेदात विरघळणारी असल्यामुळे पेशीचे आवरण सहज ओलांडतात. आत त्यांची वाट पाहत असलेले एक ग्राही प्रथिन असते. औषध त्यास जोडले गेले की ही जोडी पेशीच्या केंद्रकात शिरते आणि जनुकांच्या कामात हस्तक्षेप करते. शोथ भडकवणारी प्रथिने बनवण्याचे आदेश ज्या जनुकांवरून निघतात, ती मूक केली जातात. शोथ शमवणारी काही प्रथिने अधिक प्रमाणात तयार होऊ लागतात. पेशीच्या आवरणातून ॲराकिडोनिक आम्ल मोकळे होणे कमी होते. प्रोस्टाग्लँडिने याच आम्लापासून बनतात. ॲस्पिरिन ही साखळी एक पायरी पुढे तोडते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवले. ॲस्पिरिनने एक फांदी छाटली जाते. स्टेरॉइड मुळापाशी घाव घालते, आणि शिवाय पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीबाहेर पडण्यापासूनही रोखते.

जनुकांमार्फत चालणारे काम वेळ घेते. इंजेक्शन थेट शिरेत दिले तरी मुख्य परिणाम दिसण्यास काही तास लागतात. मधमाशीच्या दंशाने किंवा एखाद्या औषधाच्या वावड्याने घसा सुजून रक्तदाब कोसळत असेल तर प्राण वाचवते ते ॲड्रेनलिन. स्टेरॉइडचे इंजेक्शन त्याची जागा घेऊ शकत नाही. एकाच ग्रंथीचा गाभा आणि तिची साल यांच्यातील हा फरक ज्या वैद्यास क्षणभरही विसरता येत नाही, तोच अशा प्रसंगी उपयोगी पडतो.

ही औषधे रोगाचे कारण नाहीसे करीत नाहीत, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. ती केवळ शरीराची प्रतिक्रिया शमवतात. म्हणून त्यांच्या वापराचे समर्थन दोनच परिस्थितींत होऊ शकते. एक तर प्रतिक्रिया हाच रोग असला पाहिजे; किंवा कारणावर दुसऱ्या औषधाने उपचार चालू असताना, तोवर प्रतिक्रियेने होणारी हानी टाळायची असली पाहिजे. पहिल्या प्रकारात दमा येतो. १९७२ साली श्वासावाटे घ्यावयाचे बेक्लोमेथासोन उपलब्ध झाले आणि दम्याच्या उपचाराचे स्वरूपच पालटले. दम्याचा जोरदार झटका आला असता प्रौढाला पाच ते सात दिवस रोज ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन पोटात द्यावे लागते; पण श्वासातून घेतलेली ४०० मायक्रोग्रॅम मात्रा, म्हणजे वजनाने त्याच्या शंभरावा भाग, नित्य घेतल्यास असे झटके बहुधा येतच नाहीत. औषध नेमके जेथे हवे तेथेच पडते. मात्र ते घेतल्यावर चूळ भरावी, अन्यथा तोंडात बुरशी वाढते. पंप म्हणजे शेवटचा उपाय आणि गोळ्या सौम्य, हा आपल्याकडील रूढ समज वस्तुस्थितीच्या नेमका उलट आहे.

कुष्ठरोगातील मज्जातंतू

दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण म्हणून कुष्ठरोगाकडे पाहू. जगातील नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात आढळतात, आणि स्टेरॉइडच्या एका साध्या गोळीवर रुग्णाचे पुढील सारे आयुष्य अवलंबून असल्याची इतकी स्पष्ट उदाहरणे थोडीच असतील.

हान्सेन यांनी १८७३ साली शोधलेला कुष्ठाचा जंतू अतिशय सावकाश वाढतो आणि मज्जातंतूंच्या आवरणपेशींत घर करतो. १९८२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने पुरस्कारलेली बहुविध औषधयोजना या जंतूंचा नायनाट करते. रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन ही त्यातील तीन औषधे. परंतु उपचारापूर्वी, उपचार चालू असताना, किंवा तो पूर्ण झाल्यानंतरही, काही रुग्णांची प्रतिकारशक्ती एकाएकी जागी होते. इतके दिवस दुर्लक्षित राहिलेल्या जंतूंवर, मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवरही, ती तुटून पडते. जुने चट्टे लाल होऊन फुगतात. ते वाईट दिसतात, पण खरा धोका तेथे नसतो. तो असतो कोपराच्या आतील बाजूने जाणाऱ्या, गुडघ्याच्या बाहेरून वळणाऱ्या, किंवा चेहऱ्याच्या मज्जातंतूत. मज्जातंतूचे आवरण घट्ट असते. आत सूज आली की तंतू स्वतःच्याच आवरणात चेपला जातो आणि त्याचा रक्तपुरवठा तुटतो. काही दिवसांत किंवा आठवड्यांत करंगळी व अनामिका वाकू लागतात, पाऊल लोंबते, डोळा मिटत नाही. कधी कधी हे सारे वेदनेवाचून घडते आणि रुग्णाला त्याचा पत्ताही लागत नाही.

अशा वेळी प्रेडनिसोलोन तातडीने सुरू करावे लागते. सामान्यतः प्रौढास सुरुवातीला दररोज ४० मिलिग्रॅम देतात आणि १२ ते २० आठवड्यांत ही मात्रा पायरीपायरीने उतरवतात. कुष्ठाची औषधे चालू असतील तर ती बंद करावयाची नसतात. मज्जातंतूचे काम बिघडून सहा महिन्यांहून कमी काळ लोटला असेल तर सुधारणेची आशा असते; पुढे ती झपाट्याने मावळते. म्हणून आरोग्यसेवक दर भेटीत रुग्णाला करंगळी बाजूला ताणून धरण्यास, अंगठा उभा करण्यास, पाऊल वर उचलण्यास आणि डोळे घट्ट मिटण्यास सांगतो, व बॉलपेनच्या टोकाने तळहात-तळपाय तपासतो. या तपासणीस कोणतेही यंत्र लागत नाही. ती केली न जाण्याचे कारण बहुतेक वेळा वेळेचा अभाव किंवा कंटाळा हेच असते. तिची किंमत मात्र रुग्णाला हाताच्या बोटांनी मोजावी लागते.

दुधारी शस्त्र

जी यंत्रणा आपण आवरतो ती संरक्षणाची असते, हे विसरल्यास काय होते याचा अनुभव देशाने अलीकडेच घेतला. कोविडच्या साथीत जून २०२० मध्ये ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले. रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त १० दिवस, असा तो उपचार होता. कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांत २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. केवळ प्राणवायू लागत असलेल्यांत ते २६.२ वरून २३.३ टक्क्यांवर आले. परंतु ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती त्यांना काहीही लाभ झाला नाही. उलट औषध न घेतलेल्यांत १४ टक्के, तर घेतलेल्यांत १७.८ टक्के मृत्यू झाले. हा शेवटचा फरक योगायोगाचाही असू शकेल, पण दिशा लक्षात घेण्याजोगी आहे. या आजारात आरंभी विषाणू वाढत असतो आणि हानी नंतरच्या शोथाने होते. आरंभीच शोथ दडपला तर विषाणूला मोकळे रान मिळते. कच्च्या आणि पिकलेल्या गळवाविषयीचा सुश्रुतसंहितेतील इशारा येथे जसाच्या तसा लागू पडतो.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत भीतीपोटी अनेकांनी पहिल्याच दिवसापासून, मोठ्या मात्रेत, आठवडेच्या आठवडे ही औषधे घेतली किंवा त्यांना ती देण्यात आली. स्टेरॉइडने रक्तातील साखर वाढते, आणि मधुमेह आपल्याकडे घरोघरी आहे. वाढलेली साखर आणि दडपलेल्या पांढऱ्या पेशी यांचा लाभ बुरशीने घेतला. जून २०२१ अखेर देशात म्युकरमायकोसिसचे ४० हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. महाराष्ट्र व गुजरात या राज्यांत त्यांची संख्या विशेष मोठी होती. कित्येकांचे डोळे व वरचे जबडे काढावे लागले. या रोगास कारणीभूत होणाऱ्या बुरशींमध्ये रायझोपस हा वंश प्रमुख आहे. सत्तर वर्षांपूर्वी याच वंशाने स्टेरॉइडे स्वस्त करण्यास हातभार लावला होता.

क्षयाचे जंतू आपल्या देशात असंख्य लोकांच्या फुप्फुसांत निद्रिस्त असतात. दीर्घकाळ स्टेरॉइड घेतल्यास ते जागे होऊ शकतात. मात्र मेंदूच्या आवरणांच्या क्षयात, क्षयाच्या औषधांच्या जोडीने, डेक्सामेथासोन प्राण वाचवते. म्हणजे ‘जंतुसंसर्गात स्टेरॉइड नको’ हा नियमही सरसकट खरा नाही. दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतल्यास हाडे विरळ होतात, मांड्यांचे स्नायू झिजतात, मोतीबिंदू व काचबिंदू होतो, रक्तदाब वाढतो, मुलांची उंची खुंटते. गोल चेहरा, मानेमागील चरबीचा उंचवटा आणि पोटावरील जांभळे पट्टे यांचे वर्णन हार्वी कुशिंग यांनी १९३२ साली केले होते, तेही औषध अस्तित्वात येण्यापूर्वी, ज्यांच्या शरीरातच हे संप्रेरक अतिरिक्त तयार होत होते अशा रुग्णांवरून. या कारणास्तव संधिवाताभ संधिशोथात आता मुख्य भिस्त मेथोट्रेक्झेटसारख्या औषधांवर असते आणि स्टेरॉइडचा उपयोग त्यांचा गुण येईपर्यंतच्या पुलासारखा केला जातो. ‘सांधेदुखीची हमखास पुडी’ म्हणून जे चूर्ण विकले जाते आणि ज्याने दोन दिवसांत चमत्कार होतो, त्यात गुपचूप स्टेरॉइड मिसळलेले असण्याचा संशय घ्यावा.

मलमांची गोष्ट याहून निराळी नाही. गजकर्णावर स्टेरॉइडयुक्त मिश्र मलम लावले की खाज दोन दिवसांत थांबते, कारण शोथ शमतो. बुरशी मात्र निर्वेध पसरते आणि तिचे रूप इतके बदलते की त्वचारोगतज्ज्ञही क्षणभर चकतो. गोरेपणासाठी हीच मलमे चेहऱ्याला चोळणाऱ्या तरुण स्त्रियांची त्वचा कागदासारखी पातळ होते, आणि मलम सोडताच चेहरा पेटल्यासारखा लाल होतो. २०१८ साली सरकारने अशा कित्येक मलमांना, डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत घातले. दुकानाच्या काउंटरवर हा नियम कितपत पाळला जातो, हे वाचकांनी स्वतःच पाहिले असेल.

आणखी एक गोष्ट, जिची माहिती बहुधा रुग्णाला दिली जात नाही. कॉर्टिसॉलचे उत्पादन मेंदूच्या ताब्यात असते. अधश्चेतक पीयूषिका ग्रंथीला आणि ती अधिवृक्क ग्रंथीला आदेश देते. सकाळी आठच्या सुमारास हे संप्रेरक सर्वाधिक असते, मध्यरात्री सर्वांत कमी. म्हणूनच गोळी सकाळी, न्याहारीनंतर, एकदाच घेण्यास सांगतात. बाहेरून औषध येत राहिले की मेंदू आदेश देणे थांबवतो आणि काही आठवड्यांत ग्रंथी आळसावून आक्रसते. दम्याच्या झटक्यासाठी पाच-सात दिवस घेतलेल्या गोळ्या एकदम थांबवता येतात. परंतु तीन आठवड्यांहून अधिक काळ औषध चालले असेल, तर चेहरा सुजला म्हणून घाबरून ते एका दिवसात टाकून देणे प्राणघातक ठरू शकते. शरीरात स्वतःचे कॉर्टिसॉल नाही आणि बाहेरचेही बंद, अशा अवस्थेत साधी हगवणसुद्धा रक्तदाब कोसळण्यास पुरते. मात्रा हळूहळू उतरवल्यानंतरही ग्रंथी पूर्ववत होण्यास कित्येक महिने, क्वचित वर्षभर, लागते. या अवधीत शस्त्रक्रिया करण्याची वेळ आली तर रुग्णाने भूल देणाऱ्या डॉक्टरांना आपण स्टेरॉइड कधी, किती आणि किती दिवस घेतले हे आपणहून सांगावे, आणि जुन्या चिठ्ठ्या जवळ ठेवाव्यात. त्यावरून शस्त्रक्रियेच्या दिवशी शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन द्यावयाचे की नाही, हे ठरवता येते.